मधल्या सुट्टीतली कोडी: कुठली निवडावीत आणि कशी सांगावीत

प्रश्न: आमच्या गटाला दुपारी पंधरा मिनिटांची मधली सुट्टी असते. त्या वेळात लॅटरल थिंकिंगची, म्हणजे नकळत धरलेलं गृहीतक सोडल्याशिवाय न सुटणारी कोडी घ्यावीत असं मला वाटतं. दोनदा करून पाहिलं. पहिल्या वेळी एकाने दोन मिनिटांत मोबाइलवर उत्तर शोधून काढलं. दुसऱ्या वेळी मी उत्तर सांगितलं तर सगळे "हे काय उत्तर झालं?" म्हणत उठून गेले. कोडी कशी निवडू? कशी सांगू? आणि याचा खरंच काही उपयोग होतो का?

उत्तर: गेली अठरा वर्षं मी प्रशिक्षणवर्ग घेते आणि दोन सत्रांच्या मध्ये एक तरी कोडं असतंच. तुमच्यासारखे दोन्ही अनुभव मी घेतलेत, बऱ्याचदा. त्यातला दुसरा जास्त शिकवणारा आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करते.

उत्तर ऐकल्यावर माणसाने चिडावं, पण स्वतःवर, तुमच्यावर नाही. कोडं निवडताना मी एवढी एकच कसोटी लावते. हे कोडं घ्या:

विसाव्या मजल्यावरच्या खिडकीतून एकाने उडी मारली. खाली जाळी नव्हती, पाणी नव्हतं, गवताचा ढीगही नव्हता. तरी त्याला साधं खरचटलंही नाही. कसं काय?

त्याने आत उडी मारली. खिडकीच्या काचा पुसायला तो बाहेरच्या कठड्यावर उभा होता. आता कोडं पुन्हा वाचा. "बाहेर" हा शब्द त्यात कुठेही नाही, तो तुम्ही घातलात. उत्तर ऐकल्यावर लोक हेच करतात, मनातल्या मनात कोडं पुन्हा म्हणून बघतात आणि कपाळाला हात लावतात. कोड्यातली मेख सांगणाऱ्याने ठोकलेली नसावी, ऐकणाऱ्याने स्वतःच ठोकून घेतलेली असावी.

याउलट काही प्रसिद्ध कोड्यांच्या उत्तरात एक अख्खी कादंबरी दडलेली असते: जहाज फुटतं, माणसं निर्जन बेटावर अडकतात, वर्षांनंतर कुणी एक घास खातो आणि त्याला भलतंच सत्य उमगतं. हातात रात्रभर वेळ असेल तर ती कोडी रंगतात. पंधरा मिनिटांत मात्र ऐकणाऱ्याला आपण फसवले गेलो असंच वाटतं, कारण ते उत्तर त्याच्या कुठल्याही गृहीतकावर बोट ठेवत नाही. तुमच्या गटाने "हे काय उत्तर झालं?" म्हटलं ते बहुधा अशाच कोड्याला.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. या प्रकारच्या जुन्या कोड्यांमध्ये प्रेतं फार असतात. कुणी वाळवंटात मेलेलं, कुणी बंद खोलीत. मीही ती बिनधास्त सांगायची. एका वर्गात असंच एक सांगितलं आणि मागच्या रांगेतल्या बाई उठून बाहेर गेल्या. महिन्यापूर्वीच त्यांच्या घरात तसंच काही घडलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मधल्या सुट्टीत मी मरणाचं कोडं सांगत नाही. समोरच्या प्रत्येकाच्या घरचं आपल्याला माहीत नसतं, आणि न मरताही कोडं तितकंच चांगलं होतं.

आता अशी कोडी माणसाला का अडवतात, ते पाहू. हे समजलं की निवड आपोआप सुधारते.

लॅटरल थिंकिंग हा शब्द एडवर्ड डी बोनो या माल्टात जन्मलेल्या डॉक्टरांनी १९६७ साली रूढ केला. मी त्याला आडवाटेचा विचार म्हणते. पण माणूस नेमका कुठे अडतो याचा अभ्यास त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. कार्ल डंकर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना एक मेणबत्ती, टाचण्यांनी भरलेली एक खोकी आणि काड्यापेटी दिली आणि मेणबत्ती भिंतीवर लावायला सांगितली. बरेच जण मेणबत्तीलाच टाचण्या टोचत बसले. खोकी रिकामी करायची, ती भिंतीला टाचायची आणि तिच्यावर मेणबत्ती उभी करायची, हे त्यांना सुचेना. टाचण्या बाहेर काढून खोकी रिकामी दिली तेव्हा मात्र जास्त जणांना जमलं. वस्तू तीच. फक्त "टाचण्या ठेवायची जागा" हे तिचं काम डोळ्यांसमोरून हललं.

अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाचा १९४२ सालचा प्रयोग तर मधल्या सुट्टीत जसाच्या तसा करता येतो, आणि माझा तो फार आवडता आहे. तीन भांडी आहेत, २१, १२७ आणि ३ लिटरची. १०० लिटर पाणी मोजायचं आहे. मोठं भांडं भरा, त्यातून २१ एकदा काढा आणि ३ दोनदा. झालं. पुढचं: १४, १६३, २५ यांच्या मदतीने ९९. त्यानंतर १८, ४३, १० वापरून ५. मग ९, ४२, ६ घेऊन २१. सगळी त्याच रीतीने सुटतात आणि लोकांचा हात बसतो. मग द्या २३, ४९, ३ आणि मागा २०. बहुतेक जण ४९ मधून २३ काढतात, मग ३, मग पुन्हा ३. उत्तर बरोबर येतं. पण २३ मधून एकदा ३ काढले तरी २० उरतात! मी अर्ध्या गटाला आधीची चार उदाहरणं देते आणि उरलेल्या अर्ध्यांना थेट शेवटचं. दुसऱ्या अर्ध्यांना जवळची वाट लगेच दिसते आणि पहिले अर्धे त्यांच्याकडे बघत राहतात. सवयीने आपल्याला आंधळं केलं हे त्यांना सांगावं लागत नाही, ते त्यांच्या हातातल्या कागदावरच लिहिलेलं असतं.

नऊ ठिपक्यांचं कोडं सगळ्यांना ठाऊक असतं: तीन ओळींत तीन-तीन ठिपके, पेन न उचलता चार सरळ रेषांनी सगळे जोडायचे. ते सॅम लॉईड या अमेरिकन कोडेकाराच्या १९१४ सालच्या संग्रहातही आहे. त्यावरून "चौकटीबाहेरचा विचार करा" असं व्याख्यान देणारे पुष्कळ भेटतात. खरं तर रॉबर्ट वाइसबर्ग आणि जोसेफ आल्बा या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली लोकांना रेषा ठिपक्यांच्या बाहेर न्याव्या लागतील असं स्पष्ट सांगून पाहिलं, तरी बहुतेकांना कोडं सुटलं नाही. भिंत नाही हे कळलं म्हणून वाट सापडतेच असं नाही. हे कोडं मी टाळते. एक तर सगळ्यांना माहीत असतं, आणि ज्याला माहीत नसतं तो उत्तर पाहूनही "बरं" एवढंच म्हणतो.

सांगण्याची वेळ

तुमच्या योजनेत मी एकच बदल सुचवेन, पण तो मोठा आहे. कोडं सुट्टीत सांगू नका. सुट्टी सुरू व्हायच्या तीन मिनिटं आधी सांगा, तिथल्या तिथे लोकांना झगडू द्या आणि उत्तर सुट्टी संपल्यावर उघडा.

अडलेला प्रश्न बाजूला ठेवला की उत्तर अचानक सुचतं, या अनुभवाला ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्येच विचाराच्या चार टप्प्यांत जागा दिली होती: तयारी, मुरणं, उजेड पडणं आणि पडताळणी. २००९ साली ११७ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले तेव्हा विश्रांतीचा फायदा खरोखर दिसला. त्यातही आधी जास्त वेळ प्रश्नाशी झटापट केली असेल तर फायदा अधिक. म्हणून ती तीन मिनिटं. नुसतं कोडं कानावर घालून सोडलं तर मुरायला काही नसतं. सुट्टीत मात्र लोकांनी चालावं, गप्पा माराव्यात, हात धुवावेत. विषय निघालाच तर निघू द्या, तुम्ही काढू नका.

"जवळ आलात का?" असंही विचारू नका. जॅनेट मेटकाफ आणि डेव्हिड वीबे यांनी १९८७ मध्ये लोकांना दर पंधरा सेकंदांनी विचारलं होतं, उत्तराच्या किती जवळ आल्यासारखं वाटतंय? बीजगणिताच्या उदाहरणांत हा अंदाज हळूहळू चढत गेला. आडवाटेच्या कोड्यांत शेवटपर्यंत जवळ आल्याची चाहूल नव्हती, आणि मग एकदम उत्तर. त्यामुळे कोपऱ्यात गप्प बसलेला माणूस कंटाळलाय असं समजू नका. उत्तराच्या अर्धा मिनिट आधीही माणूस तसाच दिसतो.

हो, नाही, आणि तिसरं उत्तर

सुट्टीनंतर उत्तर थेट सांगून टाकण्याऐवजी पाच मिनिटं प्रश्नोत्तरांना द्या. गट विचारतो, तुम्ही फक्त तीन उत्तरं देता: "हो", "नाही" आणि "त्याने फरक पडत नाही". नवखे सूत्रधार तिसरं उत्तर विसरतात आणि खेळ भरकटतो. गट उडी मारणाऱ्याच्या वयावर चार प्रश्न विचारतो, तुम्ही प्रामाणिकपणे हो-नाही म्हणत राहता आणि सगळे त्या आडरानात शिरतात. "त्याने फरक पडत नाही" म्हटलं की ती वाट तिथेच बंद होते.

लोकांना "हो" मिळालं की आनंद होतो आणि "नाही" मिळालं की ते खट्टू होतात. हे उलटं करायला शिकवणारा, मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनचा १९६० चा खेळ आठवड्यातून एकदा तरी घ्या. तुम्ही म्हणा, "२, ४, ६ हे तीन आकडे माझ्या मनातल्या नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सांगा, मी बसतात की नाही ते सांगेन. खात्री झाली की नियम सांगा." लोक ८, १०, १२ म्हणतात. बसतात. २०, २२, २४? बसतात. "दोन-दोनने वाढणारे सम आकडे!" चूक. नियम एवढाच असतो की आकडे चढते हवेत. १, २, ५० सुद्धा बसले असते. पण आपला अंदाज मोडून पाहायला कुणी ५, ३, १ विचारत नाही. एकदा कुणीतरी विचारतं, "नाही" ऐकतं आणि सगळ्या खोलीला कळतं की इतका वेळ आपण फक्त मान डोलावणारी उत्तरं गोळा करत होतो. यानंतर त्याच गटाचे हो-नाहीचे प्रश्न इतके धारदार होतात की मला दर वेळी नवल वाटतं.

मराठीत सांगताना

इथे बरेच जण घसरतात. यातली पुष्कळ कोडी इंग्रजीतून येतात आणि मराठीचं क्रियापद मेख उघडी पाडतं. सर्जनचं कोडं घ्या. वडील आणि मुलगा अपघातात जखमी होतात, दोघांना वेगवेगळ्या रुग्णालयांत नेतात, मुलासमोर आलेले सर्जन म्हणतात की हा माझा मुलगा आहे. उत्तर: सर्जन ही त्याची आई. आता "सर्जन म्हणाली" म्हटलं तर कोडं संपलं, आणि "सर्जन म्हणाले" म्हटलं तर ते खोटं झालं. गट नंतर तुम्हाला धरेल, आणि बरोबरच धरेल. मी असं सांगते: "टेबलावरच्या मुलाला पाहताच सर्जनचे हात थांबले. 'मला हे ऑपरेशन जमणार नाही, हा माझा मुलगा आहे.'" थांबले ते हात, जमणार नाही ते ऑपरेशन. एकही शब्द खोटा नाही.

विभक्तीही अशीच मदत करते. "एका नामवंत वकिलांना एक सख्खा भाऊ आहे. त्या भावाला मात्र एकही भाऊ नाही." वकील बाई आहेत, पण "वकिलांना" मध्ये ते झाकलेलं राहतं. तीच गोष्ट भिकाऱ्याची म्हणून सांगितलीत तर फसाल, कारण भिकारी आणि भिकारीण वेगळे होतात. सांगण्याआधी कोडं लिहून काढा आणि प्रत्येक क्रियापदाखाली बोट ठेवा. माझी ही सवय अजून सुटलेली नाही.

मराठीचे स्वतःचे सापळेही आहेत आणि ते भाषांतरात कधीच मिळणार नाहीत. "कुठल्या दिशेला गेलं की प्रश्न सुटतो?" उत्तर. "पुढून वाचा, मागून वाचा, कधी जुनं होत नाही, असं काय?" नवीन. ही शब्दांची गंमत आहे. तिने खोली हसते, झोपाळलेली दुपार उठून बसते, म्हणून मी सुरुवातीला एखादं ठेवते. पण याने गृहीतक हलत नाही, तेव्हा सगळी सुट्टी यावर काढू नका.

आकड्यांच्या घाईच्या कोड्यांनाही कधीतरी जागा द्या. तळ्यातलं शेवाळ रोज दुप्पट होतं, तळं भरायला ४८ दिवस लागतात, अर्धं कधी भरलं? जीभ २४ म्हणते, उत्तर ४७. शेन फ्रेडरिक यांच्या २००५ सालच्या तीन प्रश्नांच्या चाचणीत याच धर्तीचा प्रश्न होता. काड्यांचीही कोडी छान, एकच सांगते: रोमन आकड्यांत तीन बरोबर तीन अधिक तीन असं मांडा आणि एक काडी हलवून ते खरं करायला सांगा. सगळे आकड्यांच्या काड्या हलवतात. अधिकच्या चिन्हातली उभी काडी आडवी केली की ते बरोबरचं चिन्ह होतं: तीन बरोबर तीन बरोबर तीन.

बाहेर तीन बटणं, बंद खोलीत एक दिवा, आणि एकदाच आत जाऊन तो कुठल्या बटणाचा ते ओळखायचं, हे कोडं मात्र आता बाजूला ठेवा. एक बटण बराच वेळ चालू ठेवून बंद करायचं, दुसरं चालू करायचं आणि आत जाऊन पाहायचं: लागलेला दिवा दुसऱ्या बटणाचा, विझलेला पण गरम असेल तर पहिल्याचा, विझलेला आणि गार असेल तर तिसऱ्याचा. ते तारेच्या दिव्यावर बेतलेलं आहे. एलईडी दिवा हाताला तसा चटका देत नाही, आणि तरुण मंडळी तो आक्षेप घेतातच. त्यांचं खरं असतं.

मोबाइलचं काय करायचं

बंदी घालू नका. शोधून सापडणार नाही असं कोडं द्या, म्हणजे स्वतः बनवा. वाटतं तितकं ते कठीण नाही, फक्त उत्तराकडून प्रश्नाकडे यायचं असतं. आधी एखादी गोष्ट घ्या जिच्याबद्दल सगळे न बोलता एकच धरून चालतात. मी एकदा घड्याळ घेतलं. घड्याळाकडे पाहणं म्हणजे थेट पाहणं, असं आपण धरतो. आरशातून पाहिलं तर? काटे उलटे दिसतील. आरशातली वेळ म्हणजे बारातून खरी वेळ वजा. सव्वातीन वाजले असतील तर पावणेनऊ दिसतील. मग कोडं असं झालं:

दोन मैत्रिणी एकाच खोलीत, एकाच क्षणी, भिंतीवरच्या एकाच घड्याळाकडे पाहतात. घड्याळावर आकडे नाहीत, फक्त काटे. एक म्हणते सव्वातीन, दुसरी म्हणते पावणेनऊ. घड्याळ ठीक चालतंय, आणि दोघींनी काटे जसे दिसले तशीच वेळ सांगितली आहे.

"आकडे नाहीत" हे वाक्य मी दुसऱ्या खेपेला घातलं. पहिल्यांदा एकाने विचारलं, "आरशात आकडे उलटे दिसले असते, मग तिला कळलं नसतं का?" अगदी योग्य प्रश्न. गट जिथे भोक पाडतो तिथे ठिगळ लावायचं आणि पुढच्या गटाला सुधारलेलं कोडं द्यायचं. माझ्या वहीतली चांगली कोडी अशी चार-पाच गटांच्या हाताखालून गेलेली आहेत.

उपयोगाबद्दल विचारलंत. कोडी सोडवून बुद्धी वाढते असं मी कुणाला सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. मेंदूच्या व्यायामाचे कार्यक्रम करणाऱ्यांवरच्या अभ्यासांचा २०१६ साली मोठा आढावा घेतला गेला, आणि ज्याचा सराव केला तेच सुधारतं, दूरच्या कामात फारसं उतरत नाही, असं त्यातून दिसलं. मी वेगळ्या गोष्टीसाठी कोडी घेते. सुट्टीनंतर कामावर चर्चा सुरू होते तेव्हा कुणीतरी म्हणतं, "थांबा, हे आपल्याला कुणी सांगितलंय, की आपणच धरून चाललोय?" कोड्याच्या दिवशी हे वाक्य मला जास्त वेळा ऐकू येतं. तेवढं मला पुरतं.

शेवटी, ज्याला उत्तर आधीपासून माहीत असतं त्याच्याबद्दल. प्रत्येक गटात तो एक असतोच आणि त्याला ते बोलून टाकायची घाई असते. मी कोडं सांगायच्या आधीच म्हणते, "ओळखीचं वाटलं तर हात वर करा." हात वर झाला की त्याला माझ्या खुर्चीत बसवते, पुढचं हो-नाही-फरक पडत नाही आता त्याने सांभाळायचं. पहिल्या तीन प्रश्नांतच त्याला कळतं की उत्तर माहीत असूनही प्रामाणिक "फरक पडत नाही" देणं किती अवघड आहे. तुमचा तो मोबाइलवाला उद्या याच खुर्चीत बसवा.